डल्सीच्या गाडीची सुटलेली नळी

होपटन गावात पावसाचं पाणी साठवायची पत्र्याची टाकी दिसली की ती हॅनाफर्डांच्या हातची समजायची. नेव्हिलच्या बापाने हा धंदा सुरू केला आणि नेव्हिलने तो पन्नास वर्षं ओढला. नालीदार पत्रा वाकवायचा, कडा जुळवायच्या, भोकं पाडायची आणि रिव्हेट ठोकायचे. रिव्हेट ठोकायला माणसं दोन लागतात. एकाने बाहेरून हातोडा मारायचा, दुसऱ्याने टाकीच्या आत बसून नेमक्या त्याच जागी लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. बाप बाहेर असायचा, नेव्हिल आत. पत्र्याच्या त्या पिंपात एकेक घाव घंटेच्या पोटात बसल्यासारखा घुमायचा. कानांत कापूस घालायचा असतो हेसुद्धा तेव्हा कुणाच्या गावी नव्हतं.

त्याच्या कानांतून पहिले गेले ते पक्षी. मग किटलीची शिटी गेली, मग टेलिफोनची घंटी. चाळिशी उलटली तेव्हा बायकांचे आवाज जायला लागले. पुरुष बोलले की निदान घरघर तरी कळायची. बायका नुसतीच तोंडं हलवतात असं त्याला वाटायचं, आणि हे तो क्लबात सांगायचा तेव्हा सगळे पोट धरून हसायचे. त्याची बायको डल्सीसुद्धा हसायची. पण तिचंच तोंड तो सगळ्यांत चांगलं वाचायचा. ती स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाहून ओठांच्या कोपऱ्यातून पुटपुटली तरी त्याला कळे.

डल्सी पोस्टात काउंटरवर होती. नेव्हिलला काही सांगायचं असलं तर गावकरी पोस्टात जाऊन तिला सांगत. "नेव्हिलचे कान नऊ ते पाच पोस्टात असतात," असं लोक म्हणायचे. ते खोटंही नव्हतं. घरातलं कुठलंही यंत्र बिघडलं की नेव्हिल पाना घ्यायचा आणि डल्सीला हाक मारायचा. बागेच्या पाइपाचा हातभर तुकडा शेडमध्ये खिळ्याला लटकवलेला असे. त्याचं एक टोक ती कानाला लावायची, दुसरं इंजिनावरून हळूहळू फिरवायची, आणि एका जागी थांबून बोट वर करायची. तिने बोट वर केलं की नेव्हिल तिथे पाना घालायचा. चव्वेचाळीस वर्षांत तिचं बोट चुकलं असेल ते दोनदा की तीनदा.

शेवटच्या वर्षी तिची एकच कुरकूर होती. तिच्या पांढऱ्या स्टेशन वॅगनमधून तेल गळत होतं. इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचं, टॅपेट कव्हरचं, पॅकिंग गेलं होतं. तेल झिरपून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळीवर पडायचं आणि गाडीत जळका वास भरायचा.

"तुझी एखादी टाकी थेंबभर गळली असती तर तुला झोप लागली नसती," ती म्हणायची. "माझी गाडी गळते, तिला मात्र वाली नाही."

"बघतो गं. हे कुंड हातावेगळं होऊ दे."

धंदा बंद करून सात वर्षं झाली होती, तरी मेंढ्यांच्या पाण्याची कुंडं, कोंबड्यांची खुराडी असं काही ना काही त्याच्या हाताशी असायचंच. एक कुंड झालं की दुसरं यायचं.

मार्चमधल्या एका दुपारी तो शेडमध्ये पत्रा कापत होता. कापायच्या यंत्राचा आवाज श्रवणयंत्रातून सुरीसारखा घुसायचा, म्हणून ती दोन्ही यंत्रं काढून त्याने सदऱ्याच्या खिशात टाकली होती. रोजच टाकायचा. तेवढ्यात त्याच्या खांद्यावर हात पडला. वळून बघतो तर शेजारची ग्लेनिस. तिचा चेहरा बघूनच त्याने यंत्र बंद केलं. शेडपासून मागच्या पडवीपर्यंत चाळीस पावलं. पडवीत, ओल्या कपड्यांच्या टोपलीशेजारी डल्सी कुशीवर पडली होती. तो तिच्यापाशी वाकला तेव्हा ती गेलेली होती.

"तिला काही कळलंच नसणार," ग्लेनिस म्हणाली. डॉक्टरही तेच म्हणाले, पाद्रीबाबाही. बेंडिगोहून मुलगी आली, जॅनिन, तीही म्हणाली, "एका क्षणात गेली, डॅड. हूं की चूं नाही." नेव्हिलने सगळ्यांची तोंडं नीट वाचली. सगळ्यांची वाक्यं सारखीच होती.

त्यानंतर सहा महिने गाडी जागची हलली नाही. नेव्हिल मटणाचे दोन चॉप भाजायचा आणि एक खायचा. सप्टेंबरात जॅनिनचा मेसेज आला. 'आईची गाडी विकू नकोस. पुढच्या शनिवारी येते, मीच घेऊन जाईन.' तो मेसेज त्याने चष्मा लावून दोनदा वाचला आणि उठून शेडमध्ये गेला. गळकी गाडी मुलीच्या हातात द्यायची नाही, एवढं त्याच्या मनाने घेतलं.

पॅकिंग बदलणं म्हणजे काही मोठं काम नाही. पण वरचं झाकण काढायचं तर आधी त्याच्यावरून गेलेलं सगळं बाजूला करावं लागतं. तारा, केबल, हवेच्या जाड-बारीक नळ्या. चाळिशीतला नेव्हिल असता तर दोन तासांत हात धुऊन मोकळा झाला असता. पंचाहत्तरीच्या नेव्हिलला दोन दिवस लागले. बोटांचे सांधे सुजलेले, बोल्ट हातातून निसटायचे. एक बोल्ट खाली पडला तो सापडायलाच अर्धी सकाळ गेली. जुनं पॅकिंग बिस्किटासारखं कडक झालं होतं, ते त्याने कणाकणाने खरवडलं. नवं बसवलं, झाकण ठेवलं, बोल्ट मधून बाहेर असे क्रमाने आवळले. नळ्या जोडल्या, तारा जोडल्या. गुरुवारी दुपारी जेवून आला आणि किल्ली फिरवली.

इंजिन सुरू झालं, पण धड नाही. नेव्हिल मडगार्डवर पंजा टेकवून इंजिन ऐकायचा. वैद्य नाडी बघतो तसं. नाडी बिघडलेली होती. इंजिन उगाच चढायचं, मग धापा टाकत खाली यायचं, थरथरायचं, पुन्हा चढायचं. तीन मिनिटांनी एक गचका देऊन बंदच पडलं.

रोग त्याला लगेच कळला. इंजिन कुठून तरी फुकटची हवा ओढत होतं. व्हॅक्यूमची एखादी नळी सुटलेली असणार. जिथे सुटली असेल तिथे फुसफुस आवाज येतच असणार. कुठलंही शेंबडं पोरही म्हणेल, आजोबा, इथून आवाज येतोय. पण नेमका तसलाच बारीक, उंच आवाज नेव्हिलच्या कानांना कधीचा परका झाला होता.

दिसतील तेवढ्या नळ्या त्याने एकेक ओढून पाहिल्या. सगळ्या घट्ट. साबणाचं पाणी करून जोडांवर शिंपडलं. कुठेच ओढलं गेलं नाही. मग नाइलाजाने घरात जाऊन ती दोन श्रवणयंत्रं घेऊन आला, कानांत घातली, गाडी सुरू केली. पंखा, पट्टा, टॅपेट, सगळ्याचा एकच काला होऊन डोक्यात शिरला. त्याने ती काढून बाकड्यावर ठेवली. मग खिळ्यावरचा पाइप घेतला. एक टोक स्वतःच्याच कानाला लावलं, दुसरं इंजिनावरून फिरवलं. काहीच नाही. विहिरीत कान घालावा तशी नुसती शांतता.

आणि कंबर धरून सरळ होता होता, मान वर न करता, पाइप मागे धरून तो म्हणाला, "डल्, जरा ये गं इकडे."

आपण हे मोठ्याने म्हटलं हे त्याला कळलं नाही. स्वतःचा आवाजही त्याला अंदाजानेच कळायचा. पाइप कुणी घेतला नाही तेव्हा त्याने मागे पाहिलं, आणि मग पाहून झाल्यावरही तो हात खाली घ्यायचं विसरला.

किती वेळ तसा उभा होता कोण जाणे. शेडच्या दारात ग्लेनिस आली. हातात कपड्यांचे चिमटे तसेच होते, आणि धावत आल्यासारखी तिला धाप लागली होती.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. तू कशी काय आलीस?"

ग्लेनिसने क्षणभर विचार केला. "हाक ऐकू आली."

"तुला नव्हती मारली."

"ते कळलं रे," ती म्हणाली. मग चिमटे अ‍ॅप्रनच्या खिशात टाकून तिने तो पाइप त्याच्या हातातून घेतला. "बोल, काय करायचं असतं?"

"एक टोक कानाला लाव. दुसरं फिरव. पंख्याच्या जवळ नेऊ नकोस, हात तुटेल."

"माझ्या नवऱ्याने मला गाडीच्या पुढच्या भागाला हात लावू दिला नाही कधी."

"तुझ्या नवऱ्याला स्वतःला तरी पुढचा भाग कुठे ठाऊक होता?"

ती हसली. नेव्हिलने किल्ली फिरवली. ग्लेनिस पासष्ट वर्षांची, चिपाडासारखी बारीक बाई. ती बॉनेटखाली वाकली तेव्हा गाडीने तिला अर्धं गिळल्यासारखं दिसलं. नेव्हिल तिच्या तोंडाकडे बघत राहिला. पाइप अर्धा फेरा फिरलाही नसेल, तिचे डोळे मोठे झाले.

"अगंबाई! हे तर पाइपाशिवायसुद्धा ऐकू येतंय. साप बसल्यासारखं फुसफुसतंय इथे, पार मागे. खालच्या अंगाला."

"मॅनिफोल्डच्या खाली?"

"मला काय माहीत त्याचं नाव? इथे." तिने बोट दाखवलं.

त्या जागी नेव्हिलची नजर पोचत नव्हती आणि हात तर मनगटापाशीच अडकला. त्याने गाडी बंद करून टॉर्च लावला, छोटा आरसा आत धरला. तेव्हा दिसलं. झाकण मागे ओढताना करंगळीएवढी एक नळी आपल्या तोटीवरून निसटली होती आणि अंधारात तोंड वासून लोंबत होती. नळीचं टोक चिरलेलं होतं. ते पक्कडीने बाहेर ओढून त्याने चाकूने बोटाच्या पेराएवढं कापून टाकलं, नवी क्लिप चढवली आणि नळी ग्लेनिसच्या हातात दिली. "तुझा हात जाईल. तोटी लागली की दाबून बसव. फिरवत फिरवत."

"लागली. बसत नाही रे मेली."

"थुंकी लाव."

"काय?"

"थुंकी. ओली केली की सरकते."

ग्लेनिसने तोंड वाकडं केलं, पण बोट ओलं करून नळीला लावलं, आणि दात आवळून ती नळी तोटीवर चढवली. क्लिप पक्कडीने नेव्हिलनेच कशीबशी जागेवर सरकवली. मग त्याने गाडी सुरू केली आणि मडगार्डवर पंजा ठेवला. इंजिन एका लयीत चालत होतं. झोपलेल्या मांजरासारखं. चढणं नाही, धापा नाहीत.

"गेला आवाज," ग्लेनिस म्हणाली. "संपूर्ण गेला."

नेव्हिलने मान हलवली. पंजा तसाच ठेवून तो तिच्याकडे बघू लागला. ही बाई कपडे वाळत घालत असते. तिच्या दोरीपासून शेडमधली त्याची हाक तिला ऐकू आली. आणि पडवी शेडपेक्षा तिच्या कुंपणाला जवळ आहे.

"ग्लेनिस," तो म्हणाला, "त्या दिवशी डल्सीने हाक मारली होती का?"

ग्लेनिस इंजिनाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आधी हे बंद कर."

"मला काय फरक पडतो त्याने?"

"मला पडतो."

त्याने बंद केलं. ती गाडीला टेकून उभी राहिली. बोलायला सुरुवात केली तेव्हा तिची मान खाली होती, म्हणून तो म्हणाला, "वर बघून बोल. मला दिसत नाही."

तिने वर पाहिलं. "मारली होती. 'नेव्ह' म्हणून. दोनदा. मला वाटलं, चहाला बोलावते आहे. रोजच बोलवायची ना, आणि वैतागून शेवटी शेडमध्ये यायची. मी माझ्या चादरी वाळत घालत होते. दोन राहिल्या होत्या, त्या घातल्या. मग तिसरी हाक आली, ती वेगळी होती. तेव्हा मी धावले. कान धड असून मी आधी गेले नाही, नेव्ह. दोन चादरी वाळत घातल्या मी."

नेव्हिलची नजर तिच्या ओठांवरून हलली नाही.

"मी पडवीत पोचले तेव्हा शुद्धीवर होती. मी तुझ्या नावाने ओरडायला लागले, तर मला म्हणाली, ओरडून काय उपयोग, त्याला जायचं नाही ऐकू. आणि दचकवू नकोस, हातात यंत्र असेल. जा, खांद्याला हात लाव. म्हणून मी तिला टाकून तुझ्याकडे आले. आपण परत गेलो तोवर..." तिचे ओठ थांबले. "तिच्याजवळ कुणीच नव्हतं. थांबायला हवं होतं मी."

"तिला काही कळलंच नसणार म्हणालीस."

"म्हणाले."

"सहा महिने झाले."

"हो."

नेव्हिलने चिंधी घेऊन हात पुसले. बोटं एकेक करून पुसली. मग बॉनेट खाली आणून दाबलं. "नळी बसवलीस, आभारी आहे," असं म्हणून तो घरात गेला आणि दार लावून घेतलं. ग्लेनिस शेडमध्ये किती वेळ उभी होती ते त्याने पाहिलं नाही.

त्याला राग आला होता. आधी ग्लेनिसचा आला. त्या दोन चादरींचा आला. मग त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पडवी पाहिली, शेड पाहिली, आणि राग जिथे जायचा तिथे गेला. तिसरी हाक मारेपर्यंत ती त्या फरशीवर काय करत होती? शेडच्या दाराकडे बघत असेल. त्याची पाठ तिला दिसत असेल. दार उघडंच होतं, मार्चच्या उकाड्यात ते तो कधी बंद करायचा नाही. तिला त्याची पाठ दिसत होती, हे त्याला खुर्चीवर बसल्या बसल्या उमगलं, आणि तो उठून उभा राहिला, पुन्हा बसला. बाप मरून तीस वर्षं झाली होती. ज्या माणसाने त्याला टाकीत बसवलं त्याच्यावरही रागावून पाहिलं. पण बापही शेवटी ठार बहिरा होऊनच मेला होता.

संध्याकाळी त्याने जॅनिनला मेसेज केला. एकेक अक्षर शोधून लिहायला त्याला बराच वेळ लागला. 'तुझी आई लगेच गेली नाही. तिने मला हाका मारल्या. ग्लेनिसने आज सांगितलं.'

उत्तर लगेच आलं. 'माहीत आहे डॅड.' आणि खाली, थोड्या वेळाने, 'शनिवारी बोलू.'

म्हणजे जॅनिनला माहीत होतं. डॉक्टरांना माहीत असणारच. पाद्रीबाबांना, क्लबातल्या लोकांना, पोस्टातल्या नव्या मुलीलाही. अख्ख्या होपटनला माहीत होतं, आणि हाक ज्याच्या नावाने होती त्याच्यापर्यंत ती सगळ्यांत शेवटी पोचली.

शनिवारी जॅनिन दहाच्या सुमाराला आली. तिच्या नवऱ्याने तिला दारात सोडलं आणि तो सामान आणायच्या निमित्ताने गावात निघून गेला. शहाणा माणूस. बापलेक टेबलाशी समोरासमोर बसले. चहा निवून गेला.

"तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत?" नेव्हिलने विचारलं.

"ठरवलं नाही कुणी. ग्लेनिसने मला अंत्यविधीच्या आदल्या दिवशी सांगितलं. मी म्हटलं, मी सांगते डॅडला. आणि मग मला जमलं नाही."

"का? मी काय लहान आहे?"

"तुला सांगायचं म्हणजे तुझ्याकडे बघून सांगावं लागतं, डॅड." जॅनिनचे डोळे भरून आले, पण तिने तोंड फिरवलं नाही. फिरवून चालत नाही हे तिला लहानपणापासून अंगवळणी पडलेलं होतं. "बाकीच्या माणसांना कसं, भांडी घासता घासता सांगता येतं. अंधारात सांगता येतं. फोनवर सांगता येतं. तुला तोंडावर उजेड घेऊन सांगावं लागतं. मी तीनदा प्रयत्न केला. तू माझ्या ओठांकडे असं बघायचास, की मी दुसरंच काही तरी बोलून जायचे."

नेव्हिलने कपाची कड अंगठ्याने पुसली. "यंत्रं खिशात होती," तो म्हणाला. "कानात असती तर..."

"तर कापायच्या यंत्राचा आवाज ऐकू आला असता. तिचा नाही."

"तुला काय माहीत?"

"मला नाही माहीत," जॅनिन म्हणाली.

ते खरं होतं, आणि खरं बोलली म्हणून त्याला जरा बरंही वाटलं. ग्लेनिसला भेटून येते म्हणून जॅनिन शेजारी गेली, तो गेला नाही. ग्लेनिसच्या दारात जायला त्याला ख्रिसमस उजाडावा लागला, आणि तेव्हाही तो तिच्या गवत कापायच्या यंत्राबद्दलच बोलला. पण गेला.

दुपारी दोघं कबरस्तानात जायला निघाले. जमीन अजून बसायची होती म्हणून डल्सीच्या कबरीवर दगड बसवलेला नव्हता, नुसती लाकडी पाटी होती. नेव्हिल सवयीने ड्रायव्हरच्या दारापाशी गेला, मग थबकला आणि किल्ली मुलीच्या हातात दिली. "तूच चालव. तुझीच आहे आता."

गाडी सुरेख चालत होती. दोन्हीकडे गहू गुडघ्याच्या वर आला होता आणि वाऱ्याने एका अंगाला कलत होता. गावाबाहेर पडल्यावर नेव्हिलच्या लक्षात आलं की जॅनिन बोलते आहे. तिची नजर रस्त्यावर होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर. त्याला तिच्या गालाची कड तेवढी हलताना दिसत होती. बोलता बोलता ती मध्येच एकदा हसली, मग तिने बाहीने नाक पुसलं, आणि पुन्हा बोलायला लागली.

एरवी तो म्हणाला असता, माझ्याकडे बघून बोल. आज नाही म्हणाला. हात मांडीवर ठेवून समोरच्या रस्त्याकडे बघत तो बसून राहिला आणि तिला बोलू दिलं, पार कबरस्तानाच्या फाटकापर्यंत.